सोलापूरच्या उत्तर कसब्यातलं राहतं घर विकायला दाखवताना: कामाच्या नोंदी

3 जानेवारी 2026, शनिवार

प्लॉट 22 × 55 फूट. पुढचा भाग स्लॅबचा, तळमजला आणि वर दोन खोल्या. मागे दोन जुन्या दगडी खोल्या, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. मधे 8 फुटी अंगण, त्यातच हौद. घर रिकामं नाही. आजी आहेत, बारावीचा मुलगा आहे, रोज दोन वेळचा स्वयंपाक आहे. रिकाम्या घराची किल्ली घेऊन कुणीही जाऊन दाखवतो. राहत्या घरात मात्र येणारा माणूस आपल्या अंथरुणा-पांघरुणापर्यंत येतो, म्हणून जाहिरात देण्याआधी वेळा ठरवल्या.

सकाळी 8.30 ते 10.30 आणि संध्याकाळी 5 ते 6.30. दिवसाला जास्तीत जास्त दोन कुटुंबं, आठवड्यातले चार दिवस. दुपारी 1 ते 4 आजींची झोप, त्या वेळी कुणालाच नाही. "पाच मिनिटं फक्त बघून जातो" असा फोन आला तरी नाही. दुपारी दाखवण्यात फायदाही नसतो. वरच्या पश्चिमेच्या खोलीत दोननंतर ऊन थेट भिंतीवर येतं आणि पाहणारा तीच गरम खोली डोक्यात घेऊन जातो. उन्हाची गोष्ट लपवायची नाही, विचारलं की सांगायची. पण घराचं पहिलं दर्शन तिथून नको.

किंमत एकाच माणसानं सांगायची. थोरल्या काकांनी एक आकडा, आत्यांनी दुसरा आणि धाकट्यांनी "बसून बोलू" असं म्हटलं की समोरचा सगळ्यात खालचा आकडा पकडतो. बाकीच्यांनी "ते ताई सांगतील" एवढंच म्हणायचं.

5 जानेवारी, सोमवार

कागद. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये. घरात झेरॉक्सची एक फाइल: मालमत्ता पत्रक, जुनं खरेदीखत, बांधकाम परवाना, मिळकत कराची आणि पाणीपट्टीची चालू पावती, वीजबिल, वकिलांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट. प्रत्येक पानावर आडवं लिहिलं: "फक्त पाहण्यासाठी", खाली तारीख. आधार आणि पॅनची प्रत या फाइलीत ठेवायची नाही, ती साठेखताच्या वेळी.

मालमत्ता पत्रकावर सगळ्या वारसांची नावं लागली आहेत का, हे आजच तपासलं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे, त्यामुळे आत्यांच्या सहीशिवाय व्यवहार होत नाही. जाणता खरेदीदार दुसऱ्या भेटीत हेच विचारतो. उत्तर तयार नसलं, तर घर कितीही झाडून-पुसून ठेवलेलं असो, तो तिसऱ्यांदा येत नाही.

7 जानेवारी, बुधवार

मापं घेतली. हे काम एजंटवर सोडू नये, कारण जुन्या घरात बाहेरचं माप आणि आतलं माप यांत फार फरक पडतो. मागची मोठी खोली बाहेरून 15 × 13 फूट, म्हणजे 195 चौरस फूट. भिंती दोन-दोन फुटांच्या, त्यामुळे आतून 11 × 9, म्हणजे 99. जवळजवळ निम्मी जागा दगडात गेली. जाहिरातीत 195 लिहायचं आणि खोलीत टेप लावल्यावर 99 निघायचं, इथंच विश्वास तुटतो. दोन्ही मापं शेजारी-शेजारी लिहिली.

मालमत्ता पत्रकावर क्षेत्र 112.4 चौरस मीटर आहे. त्याला 10.764 नं गुणलं की 1210 चौरस फूट येतं आणि 22 × 55 सुद्धा 1210 च. हा हिशेब कागदावर मांडून ठेवला. लोक चौरस मीटर वाचतात आणि गोंधळतात.

आराखडा हातानंच काढला, ए-फोर कागदावर, एका फुटाला अर्धा सेंटिमीटर. 55 फुटांची लांबी साडेसत्तावीस सेंटिमीटरमध्ये बसते. दहा प्रती काढल्या. पूर्वेची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे आणि माळवदाची पन्हाळ आपल्याच अंगणात पडते, हेही त्यावर दाखवलं.

10 जानेवारी, शनिवार

दुरुस्ती. सगळं करायचं नाही. जे पाहणाऱ्याला घाबरवतं आणि थोड्या पैशांत होतं तेवढंच.

शहाबादी फरशी. अंगणात आणि मागच्या खोल्यांत जुनी शहाबादी आहे, वर्षांच्या मळानं काळवंडलेली. दुकानदार अ‍ॅसिड देतो, ते घ्यायचं नाही. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, फेसाबरोबर दगडाचा वरचा गुळगुळीत थरच निघून जातो आणि फरशी कायमची पांढुरकी, खरखरीत होते. संडास धुण्याचं औषध सांडलेल्या जागी असेच डाग दिसतात. अर्ध्या बादलीत धुण्याचा सोडा दोन चमचे, काथ्याचा ब्रश, मग दोनदा साधं पाणी. सांध्यांतला मळ बोथट चाकूनं खरवडून काढला. दोन खोल्या आणि अंगण मिळून दोन माणसांना एक सकाळ लागली.

लोणा. मागच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला जमिनीपासून तीन फुटांपर्यंत लोणा आहे. जवळून पाहिलं तर रंगाचा पापुद्रा फुगलेला, बोटानं दाबला की कुरकुरतो, आत पांढरं पीठ, जिभेला खारट. त्यावर नुसता रंग मारला तर तीन-चार आठवड्यांत पुन्हा वर येतो, नेमका दुसऱ्या भेटीच्या सुमाराला. कारण असं: दगडी भिंत जमिनीतली ओल वर ओढते, पूर्वीचा चुन्याचा गिलावा ती बाहेर सोडायचा. वर सिमेंटचा गिलावा चढवल्यावर ओल आत कोंडते आणि क्षार गिलाव्यामागे साठून त्याला फोडतात. सहा फूट लांब आणि तीन फूट उंच एवढा सिमेंटचा गिलावा काढून टाकला. पीठ कोरड्या ब्रशनं झाडून सुपलीत गोळा केलं. ओल्या फडक्यानं पुसायचं नाही, क्षार पाण्यात विरघळून परत भिंतीत जातात. आता महिनाभर उघडी ठेवायची, मग चुना एक भाग, वाळू तीन भाग. तोवर कुणी आलं तर उघडी भिंत दाखवायची आणि कारण सांगायचं. आजवरचा अनुभव असा की उघड्या भिंतीपेक्षा नुकत्याच रंगवलेल्या एकट्या भिंतीवर लोकांना जास्त संशय येतो.

वास. वरची मोरी वापरात नाही. तिच्या जाळीखालच्या ट्रॅपमधलं पाणी आटलं होतं आणि गटाराचा वास थेट खोलीत येत होता. पाण्याचा तो थर हेच वास अडवणारं झाकण. तांब्याभर पाणी ओतलं, दहा मिनिटांत फरक. दर रविवारी ओतायचं, मार्चपासून आठवड्यातून दोनदा. ट्रंकांतल्या डांबराच्या गोळ्या काढल्या. उग्र उदबत्तीही लावायची नाही, काहीतरी झाकताय असं वाटतं.

12 जानेवारी, सोमवार

13 ते 16 घर दाखवणं बंद. सिद्धेश्वरांची यात्रा, 13 ला तैलाभिषेक, 14 ला अक्षता. मिरवणुकीतल्या मानाच्या उंच काठ्या, नंदीध्वज, इथूनच निघतात. रस्ते बंद, गाडी लावायला जागा नाही, घरात पाहुणे. एजंटांना आजच कळवलं.

18 जानेवारी, रविवार

अमावास्या. दोन कुटुंबं ठरली होती, दोघांनीही सकाळी फोन करून पुढं ढकललं. पौषात फारसं कुणी येत नाही आणि अमावास्येला तर नाहीच. यापुढं वेळ देण्याआधी कॅलेंडर बघायचं. ठरलेली वेळ मोडली की घरातल्यांची तयारी वाया जाते आणि पुढच्या वेळी तेवढ्या उत्साहानं होत नाही. आज पौष संपला.

19 जानेवारी, सोमवार

पाण्याचा दिवस. सोलापुरात घर दाखवण्याचं गणित याच्याभोवती फिरतं, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो.

आपल्या ओळीत पाणी चार-पाच दिवसांआड येतं. त्या दिवशी अंगणात पाइप, मोटरीचा आवाज, ड्रम, बादल्या, धुण्याचा ढीग आणि ओली फरशी. पहिल्या भेटीला हे दृश्य नको. माणूस घसरेल आणि घर अर्धं आहे असं वाटेल. म्हणून पहिली भेट पाण्याच्या दिवशी द्यायची नाही.

पण दुसरी भेट मुद्दाम पाण्याच्याच दिवशी ठेवायची. इथला प्रत्येक खरेदीदार हमखास विचारतो: "पाणी किती दिवसांनी येतं आणि प्रेशर कसं असतं?" तोंडी उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही. त्याला नळापाशी उभं करायचं, 15 लिटरची बादली लावायची आणि घड्याळ त्याच्याच हातात. आज सुरुवातीला बादली 70 सेकंदांत भरली, अर्ध्या तासानं 45 सेकंदांत.

पुढचा प्रश्न साठ्याचा. हौद आतून 5 × 4 फूट, खोली 4 फूट: 80 घनफूट, म्हणजे सुमारे 2,265 लिटर. वरची टाकी 1,000. एकूण 3,265. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी रोज 135 लिटरचा निकष धरला तर चार माणसांना रोज 540 लागतात, साठा सहा दिवस पुरतो. पाचव्या दिवशी पाणी आलं तर एक दिवस हातात राहतो. जलवाहिनी फुटली किंवा वीज गेली की पाळी पुढं सरकते, हे सोलापूरकराला सांगावं लागत नाही. हा हिशेब आराखड्याच्या मागच्या बाजूला लिहिला. हौदाच्या झाकणाची कडी सैल होती, बदलली. येणाऱ्यांबरोबर लहान मुलं असतात, झाकणाला कुलूप हवंच.

25 जानेवारी, रविवार

दोन कुटुंबं, एकूण अकरा माणसं. आजची घडी जमली, म्हणून क्रम लिहून ठेवतो. निरोप आल्यापासून पंचवीस मिनिटं.

सुरुवात पुढच्या खोलीपासून. केर नेहमी मागून पुढं काढतात, तरी आज उलटं, कारण माणसं दहा मिनिटं आधी आली तर बसायची जागा तयार हवी. दोन प्लास्टिकचे क्रेट ठेवले आहेत, एकावर "आजी", दुसऱ्यावर "स्वयंपाकघर". औषधं, चष्मा, चार्जर, बिलं, पाकीट, कपाटाच्या किल्ल्या असं जे हाताला लागेल ते त्यात आणि क्रेट लोखंडी कपाटात. कपाटाची किल्ली एकाच्या खिशात. क्रेट भेट संपल्यावर तासाभरात रिकामे झालेच पाहिजेत, नाहीतर आजींची रात्रीची गोळी सापडत नाही. त्यांच्या औषधांचा डबा क्रेटमध्ये सगळ्यात वर.

मग अंथरुणं. सगळ्या घड्या कपाटात मावत नाहीत. पलंगावर एकच सोलापुरी चादर ताणून घालायची, बाकीच्या गोधड्या ट्रंकेवर चौकोनी रचून वर दुसरी चादर. ओट्यावर एकच भांडं, बाकी मांडणीत. ओल्या कपड्यांची दोरी गच्चीवर. तासभर आधीपासून मिरचीची फोडणी नाही, शेंगा भाजायच्या नाहीत. खिडक्या उघड्या, सगळे दिवे चालू. बोळकांड्यात 9 वॅटचा बल्ब होता, तिथं 20 वॅटची एलईडी पट्टी लावली. आधी आलेले तिघंही तिथंच थबकले होते.

ओसरीत बारा जोड्या चपला मावतील असं रॅक. देवघर दारातूनच दाखवायचं.

आल्यावर पाणी. चहा पहिल्या भेटीला नाही. मनाला पटत नाही, पण चहा म्हटला की चाळीस मिनिटं जातात आणि दुसरं कुटुंब दारात येऊन उभं राहतं. दुसऱ्या भेटीला चहा, सोबत बसून बोलणं.

दाखवणारी माणसं दोन: एक पुढं, एक शेवटच्या पाहुण्यामागं. गट फुटू द्यायचा नाही. शेवटी गच्चीवर न्यायचं आणि दहा मिनिटं त्यांना एकटं सोडायचं. पाहायला आलेली माणसं आपसात तेलुगूत किंवा कन्नडमध्ये बोलत असतात, ते बोलणं त्यांचं त्यांना मोकळेपणी करू द्यावं. खाली आल्यावर खरे प्रश्न येतात.

वहीत पाच रकाने: नाव, फोन, कुणामार्फत, वेळ, कुठं थांबले आणि काय विचारलं. शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा.

28 जानेवारी, बुधवार

एक एजंट न कळवता दोन माणसं घेऊन सकाळी अकराला दारात. घरात आजी एकट्याच होत्या. त्यांनी दार उघडलं नाही, खिडकीतून "संध्याकाळी या" म्हणाल्या. बरोबर केलं. आजच सगळ्या एजंटांना एकच निरोप: किमान दोन तास आधी येणाऱ्यांची नावं आणि संख्या व्हॉट्सअ‍ॅपवर, उत्तरात "या" असं आल्याशिवाय निघू नये. घराची किल्ली कुणालाही नाही. दाराला साखळी बसवली. दारावरच्या पाटीवर किंमत लिहायची नाही, फक्त "घर विकणे आहे" आणि एक फोन नंबर.

1 फेब्रुवारी, रविवार

वास्तू. आलेल्यांनी मोबाइलवर होकायंत्र उघडलं आणि लोखंडी गेटला टेकून दिशा पाहिली. स्वयंपाकघर भलत्याच कोपऱ्यात निघालं, चेहरे उतरले. मोबाइलचं होकायंत्र लोखंडाजवळ चुकतं: गेट, कपाट, मोटर, स्लॅबमधल्या सळ्या. अंगणाच्या मधोमध, लोखंडापासून सहा फूट दूर उभं राहून फोन हवेत आठच्या आकड्यासारखा दोन-तीनदा फिरवायचा, मग बघायचं. तिथं फरशीवर खडूनं उत्तरेचा बाण काढून ठेवला. सिटी सर्व्हेच्या नकाशावरही उत्तर दाखवलेली असते, ती ताडून दिली. घराची खरी दिशा सांगायची, ज्याला ती चालत नाही त्याचा वेळ घ्यायचा नाही.

8 फेब्रुवारी, रविवार

बारावीची परीक्षा तोंडावर. वरची पूर्वेची खोली आजपासून परीक्षा संपेपर्यंत बंद. खोलीचे चार फोटो आणि मापं खालीच दाखवायची. खरोखर घेणारा परीक्षेचं कारण ऐकून आग्रह करत नाही. पेपरच्या आदल्या दिवशी भेट ठेवायची नाही, वेळापत्रक भिंतीवर लावलं. आठवड्यातले चार दिवस कमी करून दोन.

12 फेब्रुवारी, गुरुवार

उत्तरेच्या भिंतीला चुन्याचा गिलावा. नवीन पीठ आलेलं नव्हतं, तळाशी बोटभर ओलसर रेघ मात्र आहे. ती राहणार.

15 फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र, भेटी नाहीत. माळवदाचं काम हातात घेतलं, कारण वहीतल्या शेवटच्या रकान्यात "पावसात गळतं का?" हा प्रश्न पाण्याखालोखाल दिसतो.

आत सागवानी तुळया, वर फळ्या, वर मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. थर दहा इंच. 99 चौरस फुटांवर म्हणजे सुमारे 2.3 घनमीटर माती, घनमीटरला 1,700 किलो धरले तर चार टन, ओली झाली की आणखी. हे सगळं तुळया पेलतात. तुळई मधे सडत नाही, भिंतीत शिरते त्या टोकाला सडते, कारण ओल तिथंच कोंडते. शिडी लावून प्रत्येक टोकाला हातोडीच्या दांड्यानं ठोकलं. खणखणीत आवाज म्हणजे ठीक, भद्द आवाज म्हणजे आतून पोकळ. आठ तुळयांपैकी एकीचं टोक भद्द वाजतं. तिच्याखाली सुताराकडून लाकडी ठेपा बसवला आणि आराखड्यावर तशी खूण केली. खरेदीदाराला ती तुळई आपणच दाखवायची.

वर रुजलेलं गवत उपटून टाकलं. मुळं थरात वाट करतात आणि पाणी त्याच वाटेनं उतरतं. पन्हाळीच्या तोंडाशी पानं आणि चिमण्यांचं जुनं घरटं होतं, साफ केलं. दोन बादल्या पाणी ओतून पाहिलं, पन्हाळीकडं सरळ गेलं. फेब्रुवारीत पाऊस दाखवता येत नाही, म्हणून मागच्या ऑगस्टचे आतल्या छताचे फोटो फाइलीत लावले. पाहणाऱ्यांना माळवदावर चढवायचं नाही, शेजारच्या स्लॅबवरून दाखवायचं.

1 मार्च, रविवार

ऊन वाढलं. संध्याकाळची वेळ 5.30 ते 7. वरच्या खोलीची पश्चिमेची खिडकी सकाळी अकराला बंद करून पडदा ओढायचा, साडेचारला उघडायची. उलटं केलं तर भेटीच्या वेळी खोली भट्टी असते.

एक कुटुंब दुसऱ्या भेटीला पाण्याच्या दिवशी आलं, दीड तास थांबलं. बादली, हौद, भद्द वाजणारी तुळई, उत्तरेच्या भिंतीची ओलसर रेघ, सगळं त्यांनी स्वतः पाहिलं. आजींना त्यांनी नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, उन्हाळ्यात झोपायला कुठली खोली गार?" आजींनी मागची दगडी खोली दाखवली. दोन फुटी भिंतींचा हा गुण आपल्या जाहिरातीत कुठंच लिहिला नव्हता. आज लिहिला.

8 मार्च, रविवार

तेच कुटुंब तिसऱ्यांदा, सोबत वकील. आकड्यावर बोलणी झाली. विसार रोख द्यायची त्यांची तयारी होती, घेतला नाही. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा जास्त रोखीनं घेता येत नाहीत, घेतले तर तेवढाच दंड बसू शकतो. विसार आरटीजीएसनं, पावतीवर मुदत आणि व्यवहार मोडला तर काय, हे दोन्ही लिहून. किंमत 50 लाख किंवा वर गेली तर खरेदीदार एक टक्का टीडीएस कापतो, हे वारसांना आजच सांगितलं, म्हणजे हिशेबात रक्कम कमी का आली म्हणून भांडण नको.

विसार हातात येईपर्यंत बाकीच्या भेटी चालू ठेवल्या. तोंडी शब्दावर पाटी उतरवायची नाही.

16 मार्च, सोमवार

बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला. ही भेटही घर दाखवण्यासारखीच, पण त्याला नीटनेटकेपणाशी देणंघेणं नाही. त्याला मंजूर नकाशा, कराची पावती, प्रत्येक खोलीत टेप लावायला मोकळी भिंत आणि मीटरपर्यंत वाट लागते. ट्रंका भिंतीपासून आधीच सरकवून ठेवल्या, वीस मिनिटांत काम झालं. माळवदाच्या खोल्यांना त्यानं बांधकाम म्हणून फारशी किंमत धरली नाही, जमिनीची धरली. ते खरेदीदाराला पहिल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं.

19 मार्च, गुरुवार

गुढीपाडवा. विसार जमा, पावतीवर सगळ्या वारसांच्या सह्या. दारावरची पाटी उतरवली, खिळ्यांची चार भोकं पांढऱ्या सिमेंटनं भरली. वहीत वेळ दिलेली तीन कुटुंबं उरली होती. तिघांनाही आजच फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. क्रेट रिकामे करून धुऊन मागच्या खोलीत ठेवले. आजींच्या औषधांचा डबा परत त्यांच्या उशाशी.